द्रविडचा अप्रेझल फॉर्म

आर्थिक वर्ष संपत आलं की बेंगळुरूत एका विशिष्ट प्रकारच्या गद्याचं अमाप पीक येतं. आउटर रिंग रोडवरच्या काचेच्या इमारतींत, व्हाइटफील्डला, इलेक्ट्रॉनिक सिटीत, एरवी दोन ओळींचा मेल लिहायचाही कंटाळा करणारी माणसं 'या वर्षी मी व्यक्ती म्हणून किती वाढलो' यावर पानभर मजकूर पाडतात. सेल्फ-अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्यासाठी स्वतंत्र रकाने असतात. काय शिकलात, कुठे कमी पडलात, कोणत्या कम्फर्ट झोनमधून बाहेर पडलात, पुढच्या वर्षीचा संकल्प काय. 'कमी पडलो'च्या रकान्यात काय भरायचं याचं तर शास्त्रच तयार झालं आहे. दोष असा निवडायचा की वाचणाऱ्याला तो गुण वाटावा: 'मी कामात फार खोल शिरतो', 'मला नाही म्हणता येत नाही'. मॅनेजर ते वाचतो किंवा वाचल्यासारखं करतो, रेटिंग देतो. मग कॅलिब्रेशनच्या बैठकीत बजेटकडे बघून रेटिंग वरखाली होतं आणि यथावकाश हाइकचं पत्र हाती पडतं.

या प्रथेचे समर्थक थोडे नाहीत आणि त्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. माणसाने वर्षातून एकदा तरी थांबून मागे पाहावं, यात गैर काय, असं ते विचारतात. कामाच्या रेट्यात स्वतःकडे लक्ष जात नाही, फॉर्ममुळे ते जातं. शिवाय वाढ ही ज्याची त्याची जबाबदारी. कंपनी संधी देईल, घोडा पाण्यापर्यंत नेईल, पाणी त्यानेच प्यायचं. आणि हे पटवून द्यायचं असलं की ट्रेनिंग रूमच्या पडद्यावर हमखास एक चेहरा येतो: राहुल द्रविड. बेंगळुरूत वाढलेला, मराठी घरातला, मितभाषी, अभ्यासू, 'द वॉल'. वडील किसान कंपनीत, आई विश्वेश्वरय्या इंजिनिअरिंग कॉलेजात वास्तुकला शिकवणाऱ्या. म्हणजे घरही थेट श्रोत्यांच्या ओळखीचं, नोकरदार मध्यमवर्गीय. हा माणूस शिस्त आणि आत्मपरीक्षणाच्या जोरावर जगातल्या अव्वल फलंदाजांत गणला गेला, तर तुम्ही का नाही?

क्रिकेटपटू आणि टेस्टिंग इंजिनिअर यांची तुलना कितपत न्याय्य, हा वाद घालता येईल. पण द्रविडला साक्षीला बोलावलं आहे ते समर्थकांनीच. तेव्हा त्याची उलटतपासणी व्हायला हरकत नसावी.

फेब्रुवारी 1991 मध्ये द्रविड कर्नाटकाकडून पहिला रणजी सामना खेळला, तो पुण्यात, महाराष्ट्राविरुद्ध. तेव्हा तो कॉलेजात होता आणि त्याने 82 धावा केल्या. कसोटीची टोपी त्याला मिळाली जून 1996 मध्ये, लॉर्ड्सवर, तीही संजय मांजरेकर जखमी झाल्यामुळे. सातव्या क्रमांकावर येऊन त्याने 95 धावा केल्या. मधली पाच वर्षं फॉर्मच्या भाषेत मांडली तर काय दिसतं? उद्दिष्ट: भारतीय कसोटी संघात स्थान. स्थिती: साध्य झालं नाही. सलग पाच वर्षं तोच शेरा. या काळात त्याचं तंत्र सुधारलं असणार, नजर बसली असणार, हे उघड आहे. पण 1996 च्या त्या आठवड्यात जे बदललं ते द्रविडच्या बाहेर होतं; एक जागा रिकामी झाली. ऑफिसातही प्रमोशन बहुतेक वेळा असंच होतं, म्हणजे कोणी नोटीस पीरियडवर गेलं की. फक्त ते 'या वर्षी मी नेतृत्वगुण विकसित केले' अशा वाक्यात लिहावं लागतं.

समर्थकांना सर्वांत प्रिय असते ती 1998-99 ची कहाणी. संथ खेळतो म्हणून द्रविड 1998 मध्ये एकदिवसीय संघातून बाहेर गेला, त्याने खेळ बदलला, आणि 1999 च्या विश्वचषकात 461 धावा करून स्पर्धेतला सर्वाधिक धावांचा फलंदाज ठरला. स्लाइड इथे संपते, टाळ्या होतात. स्लाइडवर नसतं ते असं: त्या काळात कसोटी संघातलं त्याचं स्थान कायम होतं. जानेवारी 1999 मध्ये हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्ध त्याने 190 आणि नाबाद 103 धावा काढल्या, त्या याच कसोटी संघातून. एका कामात मागे पडलेल्या माणसाकडून त्याचं दुसरं काम कोणी काढून घेतलं नाही. हातात बॅट राहिली, मोठे डाव खेळायला मिळाले, तिथून तो परत आला. आयटी कंपनीत कमी रेटिंग मिळालेल्या माणसाचं काय होतं हे बेंगळुरूत कोणालाही विचारावं. तो पीआयपीवर जातो, म्हणजे सुधारणेसाठी ठरावीक मुदतीच्या यादीवर. महत्त्वाचं काम त्याच्याकडून काढून घेतलं जातं, दुसऱ्या टीमचे मॅनेजर त्याला घ्यायला तयार नसतात, आणि अशा अवस्थेत 'सुधारून दाखव' असं त्याला सांगितलं जातं.

मग कोलकाता. मार्च 2001, ईडन गार्डन्स, समोर सलग सोळा कसोटी जिंकून आलेला ऑस्ट्रेलियाचा संघ. भारताचा पहिला डाव 171 वर आटोपला, 274 धावांची पिछाडी, फॉलोऑन. पहिल्या डावात तिसऱ्या क्रमांकावर आलेला द्रविड 25 वर बाद झाला होता. दुसऱ्या डावात व्ही. व्ही. एस. लक्ष्मणला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं आणि द्रविड सहाव्या क्रमांकावर गेला. जागा खाली सरकली, ती सगळ्यांच्या देखत. चौथ्या दिवशी, 14 मार्चला, दोघांनी मिळून अख्खा दिवस खेळून काढला. त्या दिवसात भारताच्या 335 धावा झाल्या आणि एकही गडी पडला नाही. भागीदारी 376 ची, लक्ष्मण 281, द्रविड 180, आणि हरलेला सामना भारताने 171 धावांनी जिंकला. आता या 376 धावांतली वाढ कोणाच्या नावावर मांडायची? धावफलकावर धावा वेगवेगळ्या लिहिता येतात, म्हणून तो दिवसही तसा वाटता येईल असा भास होतो. एका टोकाला लक्ष्मण तसा खेळत नसता तर दुसऱ्या टोकाचा द्रविड कितीसा टिकला असता, आणि उलट? आणि क्रम बदलण्याचा निर्णय ज्या बैठकीत झाला, तो या दोघांपैकी कोणाच्या फॉर्ममध्ये बसतो?

अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'टीमवर्क' नावाचा रकाना असतो हे खरं. त्यातही 'मी टीमला कशी मदत केली' एवढंच विचारतात. टीमने मला काय दिलं, कोणी मला दोन महिने कोडबेस समजावून सांगितला, कोणी माझ्या चुका रात्री गुपचूप दुरुस्त केल्या, हे लिहिलं तर स्वतःचंच रेटिंग खाली येतं. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला पूजल्या जाणाऱ्या वहीला जमा आणि नावे अशा दोन बाजू तरी असतात. फॉर्मच्या या वहीत सगळी देणी नोकरदाराच्या खात्यावर.

वर्ष हे माप तर आणखी फसवं. 2011 या कॅलेंडर वर्षात कसोटीत जगात सर्वाधिक धावा द्रविडच्या होत्या. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये चार कसोटींत त्याची तीन शतकं आणि 461 धावा झाल्या. (1999 च्या विश्वचषकातही नेमक्या 461. आकड्यांना असली गंमत सुचते.) भारत मात्र ती मालिका 0-4 हरला. डिसेंबरअखेर हाच माणूस ऑस्ट्रेलियात उतरला आणि आठ डावांत त्याच्या 194 धावा झाल्या, सहा वेळा त्रिफळा उडाला. 9 मार्च 2012 ला चिन्नास्वामी स्टेडियममध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. डिसेंबरात फॉर्म भरला असता तर 'अपेक्षेहून सरस', मार्चमध्ये भरला असता तर 'अपेक्षेहून कमी'. माणूस एकच, तीन महिन्यांत तो घटला असं कोणी म्हणणार नाही.

हा सगळा नशिबाचा खेळ आहे, असा याचा अर्थ नाही. टीममध्ये कोण चांगलं काम करतो आणि कोण वेळ मारून नेतो, हे टीमला बरोबर ठाऊक असतं. मुद्दा एवढाच की फॉर्म जे मोजतो त्यात माणसाचा वाटा किती आणि त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेचा किती, हे वेगळं करण्याची सोय फॉर्ममध्ये नाही. हे दाखवणारा एक सुंदर प्रयोग डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग करून दाखवत. डेमिंग म्हणजे 1950 मध्ये जपानच्या उद्योजकांना गुणवत्तेचे धडे देणारे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ. एका पेटीत चार हजार मणी, त्यांतले 3200 पांढरे आणि 800 लाल. श्रोत्यांतून सहा 'कामगार' पुढे बोलवायचे. प्रत्येकाने 50 खळगे असलेली फळी पेटीत बुडवून बाहेर काढायची. लाल मणी म्हणजे दोष. ज्याच्या फळीत लाल मणी कमी, त्याची डेमिंग स्वतः मुकादम बनून पाठ थोपटत. ज्याच्या जास्त, त्याला खडसावत. फळी कशी धरायची याचं प्रशिक्षण होई, भिंतीवर घोषवाक्यं लागत, शेवटी खालच्या तिघांना घरी पाठवत आणि वरच्या तिघांना जादा पाळी करायला लावत. श्रोते हसून हसून बेजार होत. पेटी तीच, फळी तीच, दर पाचातला एक मणी लाल. कामगाराच्या हातात काहीच नाही. तरी त्या सहा जणांना वर्षअखेरचा फॉर्म दिला असता, तर एकाने मनापासून लिहिलं असतं की या वर्षी मी फळी अधिक जबाबदारीने बुडवायला शिकलो. दुसऱ्याने लिहिलं असतं की लाल मण्यांबाबत मला स्वतःवर अजून काम करायचं आहे. डेमिंग यांनी वार्षिक गुणांकनाची पद्धत उद्योगाच्या जीवघेण्या रोगांच्या यादीत घातली होती, ती काही चिडून नव्हे.

उद्योगाने हे अर्धं मान्यही केलं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी गाजवलेली वरचे 20, मधले 70 आणि खालचे 10 टक्के ही उतरंड जगभर नकलली गेली. मायक्रोसॉफ्टने तसली सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर 2013 मध्ये सोडली, इन्फोसिसने 2015 मध्ये बेल कर्व्हला निरोप दिला. वक्ररेषा गेली, आत्मकथन राहिलं. किंबहुना त्याला नवं तेज चढलं, कारण तोवर 'ग्रोथ माइंडसेट' आला होता. स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचं पुस्तक 2006 चं. क्षमता जन्मजात ठरलेली नसते, प्रयत्नाने, चांगल्या युक्त्यांनी आणि इतरांच्या मदतीने ती वाढते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. ऑफिसात पोचेपर्यंत त्यातले शेवटचे दोन घटक वाटेत गळाले आणि उरला फक्त प्रयत्न. नुसत्या प्रयत्नाचं कौतुक म्हणजे ग्रोथ माइंडसेट नव्हे, असा इशारा 2015 मध्ये खुद्द ड्वेक यांना द्यावा लागला.

प्रयत्न म्हटला की तास आलेच. ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं सुचवलं. जुलै 2024 मध्ये आयटी क्षेत्रात दिवसाला 14 तासांपर्यंत काम करून घेण्याची मुभा देणारा प्रस्ताव कर्नाटक सरकारपुढे आला आणि कर्मचारी संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. त्याच वर्षी टॉमटॉमच्या वाहतुकीच्या पाहणीत बेंगळुरूत दहा किलोमीटर जायला सरासरी 34 मिनिटं 10 सेकंद लागत होती. (पुण्यात 33 मिनिटं 22 सेकंद, तेव्हा पुणेकरांनी फार हसू नये.) सिल्क बोर्डच्या सिग्नलला गेलेला वेळ कोणाच्या 'शिक्षण' रकान्यात धरत नाहीत, ऑनलाइन कोर्स मात्र घरी पोचल्यावर, स्वतःच्या वेळात करायचा असतो.

हे सगळं नुसतं कंटाळवाणं असतं तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण या फॉर्मला दात आहेत. कारखान्यातल्या कामगाराला गैरवर्तनासाठी काढायचं तर आरोपपत्र, चौकशी, बाजू मांडायची संधी, असा रस्ता स्थायी आदेशांनी आखून दिलेला होता. कर्नाटकाने आयटी उद्योगाला स्थायी आदेशांच्या 1946 च्या कायद्यातून 2014 मध्ये सूट दिली आणि ती 2019 मध्ये व पुन्हा 2024 मध्ये वाढवली. जिथे नियमांचा कागद पातळ, तिथे रेटिंगचा कागद जाड होतो. आणि या कागदावरचा सर्वांत उपयोगी पुरावा, 'मी कुठे कमी पडलो', हा नोकरदाराने स्वतःच्या हाताने, मोकळेपणाने लिहावा अशी अपेक्षा असते.

फेब्रुवारी 2025 मध्ये इन्फोसिसच्या मैसुरू कॅम्पसमधून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवण्यात आलं. अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी तीन संधी मिळतात आणि ही अट करारातच असते, ही कंपनीची बाजू. ती मान्य केली तरी एक गोष्ट उरते. यांतल्या अनेकांची निवड 2022 मध्ये झालेली होती आणि रुजू होण्याची वाट पाहत ते दोन वर्षं ताटकळले होते. परीक्षेचा निकाल मुलांच्या नावावर नोंदला गेला. कॉलेजात शिकलेलं विसरायला लावणारी ती दोन वर्षं नोंदायला कोणाच्याच फॉर्ममध्ये जागा नव्हती.

'स्वतःच्या बळावर' मोठं झालेल्यांचं बेंगळुरूतलं दुसरं आवडतं उदाहरणही मराठी घरातलंच आहे. शिवाजीराव गायकवाड नावाचा तरुण इथल्या बस सेवेत कंडक्टर होता. नोकरी सोडून मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जायची उमेद त्याला दिली आणि पैशांचीही मदत केली ती त्याच्याच बसच्या ड्रायव्हरने, राज बहाद्दूर यांनी. 1975 मध्ये के. बालचंदर यांच्या चित्रपटातून तो रजनीकांत या नावाने पडद्यावर आला. कंडक्टरची जिद्द सगळे सांगतात. दरमहाच्या पगारातून मित्राला पैसे देणारा ड्रायव्हर त्या वर्षी व्यक्ती म्हणून किती वाढला, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

आत्मपरीक्षण वाईट नाही. ज्याला करायचं तो रात्री वहीत लिहील, मित्राशी बोलेल, फार तर लालबागेत चार चकरा मारेल. बिघाड होतो तो त्याचा वाचक पगार ठरवणारा असतो तेव्हा. दोन्ही कामं एकाच कागदाकडून होणार नाहीत. म्हणून मागणी साधी आहे: वाढीचं हे आत्मकथन हाइकपासून तोडावं, आणि ठेवायचंच असेल तर फॉर्मचा दुसरा भाग मॅनेजरने आणि कंपनीने भरावा. या माणसाला वर्षात कोणतं नवं काम दिलं? वन-ऑन-वनच्या किती बैठका ऐनवेळी रद्द केल्या? त्याने मागितलेलं प्रशिक्षण का नाकारलं? बेंचवर ठेवलं ते कोणाच्या चुकलेल्या अंदाजामुळे? त्याचं काम क्लायंटपुढे कोणाच्या नावाने गेलं?

असं केलं तर चांगलं काम करणाऱ्याला जास्त द्यायचं कसं, हा समर्थकांचा शेवटचा आणि खराखुरा आक्षेप. त्यावर पुन्हा त्यांच्याच साक्षीदाराकडे जावं. द्रविड मॅनेजरच्या खुर्चीत बसला तेव्हा त्याने काय केलं? 19 वर्षांखालील आणि 'अ' संघांचा प्रशिक्षक असताना दौऱ्यावर नेलेल्या प्रत्येकाला खेळायला मिळालं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. एका मुलाने 19 वर्षांखालचा विश्वचषक एकदाच खेळावा, जागा पुढच्याला मिळावी, हा नियम 2016 मध्ये आला तोही त्याच्याच सूचनेवरून. 3 फेब्रुवारी 2018 ला पृथ्वी शॉच्या संघाने न्यूझीलंडमध्ये विश्वचषक जिंकला. बोर्डाने बक्षिसं जाहीर केली: खेळाडूंना प्रत्येकी 30 लाख, प्रशिक्षक द्रविडला 50 लाख आणि सपोर्ट स्टाफला प्रत्येकी 20 लाख. फिजिओ, ट्रेनर, व्हिडिओ ॲनालिस्ट यांच्यापेक्षा आपल्याला अडीचपट का, असा प्रश्न द्रविडनेच उपस्थित केला. कसलाही सर्व्हे झाला नाही, कन्सल्टंट नेमला गेला नाही. भारतीय क्रिकेट बोर्डासारख्या, औदार्यासाठी मुळीच प्रसिद्ध नसलेल्या संस्थेने त्याच महिन्यात आकडे बदलले आणि द्रविडसह सगळ्या स्टाफला प्रत्येकी 25 लाख ठरले. जून 2024 मध्ये भारताच्या मुख्य संघाने टी-20 विश्वचषक जिंकल्यावर प्रशिक्षक म्हणून त्याच्या वाट्याला पाच कोटी आले होते, इतर प्रशिक्षकांच्या दुप्पट. त्याने अडीच कोटीच घेतले.